मेकाँग आणि माझा उजवा गुडघा

माझ्या बायकोनं बत्तीस वर्षं लालबागच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवला. मुलं कमी होत होत शेवटी सातवीच्या वर्गात अकरा उरली, आणि त्यातली चार एकमेकांची चुलत भावंडं होती. मग ती शाळा परळच्या दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि बायकोनं दोन वर्षं आधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिच्याकडे शाल होती, नारळ होता आणि काखेत पाच फुटांची एक गुंडाळी होती. शाळा जुने नकाशे रद्दीत काढत होती. त्यातला आशिया खंड तिनं उचलून आणला होता.

आमच्या बाहेरच्या खोलीत कॅलेंडरच्या जागी आशिया लागला. आमचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. वडील गिरणीत होते, त्यांची चाळ पाडून त्या जागी हा टॉवर झाला. खिडकीतून उजेड भरपूर येतो, त्यामुळे जेवताना सगळा आशिया समोर स्वच्छ दिसायचा. मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागात चौतीस वर्षं काम करून तिच्या तीन महिने आधी रिटायर झालो होतो. तोपर्यंत माझा निवृत्तीनंतरचा कार्यक्रम ठरून गेला होता. सकाळी मित्रांबरोबर चहा, मग मासळीबाजार, दुपारी झोप. त्यात मला काहीही वाढवायचं नव्हतं.

एका दुपारी जेवता जेवता ती म्हणाली, "मला मेकाँग बघायचीय."

मला वाटलं एखादी नवी मालिका असेल. मी म्हटलं, बघू की. आमच्या घरात गेली तीस वर्षं "बघू की" याचा अर्थ "नाही" असा आहे आणि तो दोघांनाही पाठ आहे. पण या वेळी ती उठली, हात धुऊन आली आणि नकाशावर बोट ठेवून तिनं मला ती नदी तिबेटपासून समुद्रापर्यंत दाखवली. म्हणाली, बत्तीस वर्षं दर वर्षी ही फळ्यावर काढली. चार मार्कांना यायची. एकदाही बघितली नाही.

मी तडजोड सुचवली. सहलीच्या कंपन्या असतात, सोबत मराठी बोलणारा माणूस असतो, नाश्त्याला पोहे असतात. तिनं चौकशी केली तर कळलं की त्या लोकांच्या कार्यक्रमात मेकाँग वीस मिनिटं आहे, तीसुद्धा जेवणाआधी. तिला ती नदी जिथून धरता येईल तिथून धरून समुद्रापर्यंत जायचं होतं. थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम. चार देश, चार महिने. सुटकेस चालणार नाही, कारण होड्यांतून चढाउतार असणार, म्हणून पाठीवर सॅक. पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी हे ऐकून खूश झाली आणि व्हिसाच्या मागे लागली. मला कुणी विचारलं नाही असं मी म्हणणार नाही. विचारलं होतं. मी "बघू की" म्हणालो होतो.

परळला माझी थोरली बहीण राहते, ताई. तिच्या तोंडची मालवणी पन्नास वर्षं मुंबईत राहूनही हललेली नाही. तिला सांगायला गेलो तर तिनं आधी माझ्याकडे आणि मग बायकोकडे बघितलं आणि मलाच विचारलं, "ह्या वयात पाठीर बोजो घेवन खंय फिरतलस?" मी बायकोकडे बोट दाखवलं. ताईनं तिला काही विचारलं नाही. घरची माणसं नेहमी आपल्याच माणसाला वेडा ठरवतात, त्यात सोय असते. जाताना तिनं कुळथाचं पीठ, मालवणी मसाला आणि सुक्या कोलंबीचे सोडे अशी तीन पुडकी दिली आणि बजावलं की तिकडचे लोक काय खातात ते डोळे उघडे ठेवून बघ.

दादरला सॅक घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं मुलाची उंची विचारली. बायकोनं सांगितलं, मुलगा नाही, आम्हीच. मग त्यानं दोन सॅक आमच्या पाठीवर चढवल्या, कमरेचे पट्टे आवळले आणि दुकानातल्या दुकानात चालायला लावलं. मी दोन पावलं टाकली आणि वळताना टोप्यांचा स्टँड पाडला.

सराव करायला हवा असं बायकोचं म्हणणं पडलं. रोज पहाटे सॅक भरून लालबागहून शिवडीपर्यंत चालत जायचं, तिथं खाडीवर फ्लेमिंगो बघायचे आणि परत यायचं. कपडे आधीच चुरगळायला नकोत म्हणून सॅकमध्ये तांदूळ आणि तूरडाळ भरली. पहिल्याच दिवशी नाक्यावर खासगी बसच्या एजंटनं माझं मनगट धरलं आणि "कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, दोन शिटा खिडकीच्या" म्हणत मला बसच्या पायरीपर्यंत नेलं. खरं सांगायचं तर मी चढलो असतो.

चौथ्या दिवशी शिवडीला गोदामांच्या रस्त्यावर एका हवालदारानं आम्हाला थांबवलं. बंदराच्या बाजूला, धड उजाडलेलं नसताना, दोन म्हातारी माणसं एवढाल्या पिशव्या घेऊन चाललीत म्हटल्यावर त्याचंही चूक नव्हतं. त्यानं माझी सॅक उघडायला लावली. तांदूळ निघाले. बायकोची उघडली. डाळ निघाली, आणि तळाशी टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक वीट.

"ही कशाला?" त्यानं विचारलं.

"वजन कमी पडत होतं," बायको म्हणाली.

हवालदारानं वीट उलटसुलट करून बघितली आणि परत टॉवेलात गुंडाळून ठेवली. कुठं जाताय म्हणून विचारलं. बायकोनं खरं ते सांगितलं, लाओसला.

"मग शिवडीला काय करताय?"

याचं उत्तर तिनं सविस्तर दिलं. नदी कुठून निघते, कुठल्या देशांतून जाते, सगळं. शेवटी त्यानंच आम्हाला खाडीचा जवळचा रस्ता दाखवला आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

असा महिनाभर सराव करून आम्ही निघालो. बँकॉकहून बसनं उत्तरेला जात जात नवव्या दिवशी थायलंडच्या टोकाला एका गावात पोचलो. उतरल्या उतरल्या बायको सॅकसकट चालत सुटली. रस्ता संपला तिथं पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांखाली ती नदी. पलीकडच्या काठावर लाओस. मी मागून धापा टाकत पोचलो तेव्हा ती पहिल्या पायरीवर उभी राहून पाण्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, भरून आलं असेल. मी पाण्याची बाटली पुढं केली.

"मी चुकीचं शिकवलं," ती म्हणाली.

पाणी दुधाच्या चहासारखं होतं. ती बत्तीस वर्षं फळ्यावर मेकाँग निळ्या खडूनं काढत होती. मी म्हटलं, सगळ्याच नद्या निळ्या काढतात, त्यात तुझा काय दोष. पण तिला ते लागलंच. संध्याकाळपर्यंत ती किती मुलं झाली असतील याचा हिशेब मांडत होती.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून लाओसमध्ये गेलो. तिथं तपासणीच्या टेबलावर माझी सॅक उघडली आणि ताईच्या सोड्यांचा वास सगळ्या खोलीत पसरला. टेबलामागच्या बाईंनी पुडी नाकाशी धरली आणि आतल्या खोलीतून आणखी दोन बायकांना हाक मारली. मला वाटलं, आता प्रकरण वरपर्यंत जाणार. तिघींनी आळीपाळीनं वास घेतला, एकीनं एक सोडा चावून बघितला आणि बायकोला खुणेनं विचारलं की हे कसं करतात. बायकोच्या खिशात कायम खडू आणि तळहाताएवढी पाटी असायची. भाषा येत नसेल तिथं ती चित्र काढून बोलायची. तिनं कांदा काढला, नारळ काढला, चूल काढली. आमच्या मागं रांग थांबली होती. शेवटी त्या बाईंनी मूठभर सोडे ठेवून घेतले आणि आम्हाला हसत आत सोडलं. ताईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की चांगली माणसं दिसतात.

मग लांब लाकडी होडीतून दोन दिवस प्रवास केला. दोन्ही बाजूंना डोंगर आणि जंगल, मधून नदी, आणि होडीत आमच्याशिवाय तिशीच्या आतली गोरी पोरं. बायकोला त्यांची काळजी वाटायची. दर थांब्यानंतर ती होडीतली डोकी मोजायची. दुसऱ्या दिवशी एक जर्मन मुलगा उतरून फोटो काढत बसला आणि होडी सुटायला लागली, तेव्हा तिनं गळ्यातली पीटीची शिट्टी वाजवली. होडीवाला दचकून थांबला. त्यानंतर ती पोरं तिला विचारल्याशिवाय उतरेनाशी झाली.

तिचं असं सगळं छान चाललं होतं. माझं बिघडत होतं.

पहिला महिना मी निभावला. दुसऱ्या महिन्यात मला सकाळी उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत ते आठवेनासं झालं. दर तीन दिवसांनी सॅक भरायची आणि दर तीन दिवसांनी जो मोजा नको तोच वर यायचा. तिकडचा चिकट भात बोटांनी गोळा करून खातात, तो मला गिळवेना. मासे भरपूर, पण नदीतले. बांगड्याची चव त्यांना यायची कुठून. आणि मला बोलायला काही नव्हतं. चौतीस वर्षं मी अंधाऱ्या खोलीत काम केलं, "हलू नका" आणि "झालं, उठा" एवढंच बोलत. ती पाटी घेऊन कुणाशीही दोस्ती करायची, आणि मी शेजारी बसून दोघांच्या सॅक सांभाळायचो. परळच्या चहाच्या टपरीवर माझ्या जागेवर आता कोण बसत असेल, हे मी रोज मनात आणायचो.

हे तिला सरळ सांगता आलं असतं. पण ती इतकी खुशीत होती की तोंड उघडेना. म्हणून पाक्से नावाच्या गावी पोचलो तेव्हा मी लंगडायला लागलो.

उजवा गुडघा दुखतो म्हणालो. तिनं मलम चोळलं. दुसऱ्या दिवशी मी जिना उतरताना कठडा धरला. तिसऱ्या दिवशी मी सहज म्हणून म्हणालो की गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नये, मुंबईला जाऊन दाखवायला हवं. ती म्हणाली, इथंच दाखवू. आणि मला रिक्षात घालून गावातल्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि एक्स-रे लिहून दिला. ते अक्षर मला कुठल्याही भाषेत ओळखू आलं असतं. आम्ही कॉरिडॉरनं गेलो आणि त्या खोलीचं दार उघडल्याबरोबर मला घरी आल्यासारखं झालं. तोच गारवा, तोच शिशाचा एप्रन खुंटीवर, तसंच मशीन. तिथला टेक्निशियन माझ्याच वयाचा, बारीक, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं मला टेबलावर झोपायची खूण केली.

इथं माझं नशीब होतं ते मी स्वतःच्या हातानं घालवलं. झोपून काढलेल्या फोटोत गुडघ्याबद्दल खात्रीनं फारसं सांगता येत नाही. मी गप्प पडून राहिलो असतो तर नंतर काहीही बोलायला वाव राहिला असता. पण माझ्या वयाच्या माणसाचा गुडघा झोपवून बघायचा हे माझ्याच्यानं बघवेना. वजन पडलं की सांध्याची खरी अवस्था दिसते, हे मी किती तरी शिकाऊ पोरांना सांगितलेलं. मी उठून बसलो, छातीवर हात ठेवला, मशीनकडे बोट दाखवलं आणि "बॉम्बे, एक्स-रे, थर्टी फोर इयर्स" असं म्हणालो. तो चमकला. चष्मा खाली घेतला आणि माझा हात दोन्ही हातांनी धरून हलवला. मग मी उभा राहिलो आणि आम्ही दोघांनी मिळून माझा गुडघा मशीनसमोर लावला. समोरून एक, बाजूनं एक. त्यानं पडद्याआडून काहीतरी सांगितलं. शब्द कळला नाही, पण मी हललो नाही.

फिल्म हातात आली. तो आणि मी खिडकीपाशी जाऊन ती उजेडात धरली. मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि अंगठा वर केला. मी बाहेर बाकावर बसलेल्या बायकोकडे आलो.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

मी पुन्हा फिल्म वर धरली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. सांध्यातली फट दोन्हीकडे सारखी, कडा कोरून काढल्यासारख्या स्वच्छ. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा इतका चांगला गुडघा मी नोकरीत क्वचितच बघितला होता.

"काही नाही," मी म्हणालो. "चांगला आहे."

"किती चांगला?"

"खूपच."

तिनं फिल्म माझ्या हातातून घेतली आणि पाकिटात घातली. म्हणाली की मी काल सकाळी उजव्या पायानं लंगडत होतो, आणि जेवून उठलो तेव्हा डाव्या.

मी विचारलं, माहीत होतं तर इथं कशाला आणलंस?

"फोटोबद्दल खोटं बोलताय का, ते बघायचं होतं."

"बोललो असतो तर?"

"तर मी विश्वास ठेवला असता," ती म्हणाली.

मग त्या बाकावर बसून मी सगळं सांगितलं, मोज्यापासून बांगड्यापर्यंत. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, तुम्ही जा घरी. रागावून नाही म्हणत. मी समुद्रापर्यंत जाणार. एवढं बोलून ती उठली आणि त्या टेक्निशियनला नमस्कार करून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोन वेगळ्या बसमध्ये चढलो. ती दक्षिणेला, मी उलट थायलंडला, तिथून रेल्वेनं बँकॉक आणि मग विमान. तिनं माझ्या सॅकचे पट्टे नीट केले आणि खाऊ दिला. मला खाली मान घालून बसावंसं वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

सीमेपलीकडच्या शहरात उतरलो आणि लक्षात आलं की मला काहीच येत नाही. रेल्वेचं तिकीट कसं काढायचं माहीत नाही, लॉज कसा शोधायचा माहीत नाही. दोन महिने हे सगळं ती करत होती आणि मी सॅक सांभाळत होतो. एका खानावळीत बसलो. यादी त्यांच्या लिपीत. मी कागदावर मासा काढला. माझं चित्र बघून त्या बाईनं आत जाऊन नवऱ्याला आणलं, दोघांनी चर्चा केली आणि मला एक केळं आणून दिलं.

मिळाला त्या लॉजवर गेलो. रोज उठून स्टेशनपर्यंत चालत जायचो आणि तिकीट न काढता परत यायचो. उद्या काढू म्हणायचो. सोबत असताना ती मला सारखी प्रश्न विचारायची, ही उपनदी कुठली, तो डोंगर कुठल्या दगडाचा, आणि मी वैतागायचो. आता कुणी काही विचारत नव्हतं. चौथ्या दिवशी एका पुलावर उभा असताना खालून वाहणारी नदी मेकाँगला मिळते असं मला आपोआप आठवलं, आणि ते सांगायला कुणी नव्हतं.

त्याच दिवशी मुलीचा फोन आला. आईशी बोलायचंय म्हणाली. मी म्हटलं, आंघोळीला गेलीय. ती म्हणाली, आत्ताच मी आईशी बोलले, आई म्हणाली बाबा आंघोळीला गेलेत. मग मला सगळं सांगावंच लागलं.

"म्हणजे तुम्ही दोघं आत्ता वेगवेगळ्या देशांत आहात?"

मी हो म्हणालो. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं फक्त विचारलं, तुम्हाला घरी जायचंय का. मी म्हणालो, नाही. आणि बोलल्यावर माझं मलाच ते ऐकून नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी उलटा फिरलो. लाओसचा आधीचा व्हिसा बाहेर पडलो तेव्हाच संपला होता, म्हणून सीमेवर नव्यानं फॉर्म भरायला लागला. त्यात येण्याचं कारण असा एक रकाना होता. मागच्या वेळी मुलीनं तिथं पर्यटन लिहायला सांगितलं होतं. मी पेन घेऊन बराच वेळ थांबलो आणि इंग्रजीत "वाइफ" असं लिहिलं. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं ते वाचलं, मान वर करून मला बघितलं आणि विचारलं, लाओ वाइफ? मी घाईघाईनं म्हणालो, नाही, लालबाग. त्याला ते गाव कुठलं कळलं नाही, पण शिक्का मारला.

मुलीनं फोनवर सांगितलं होतं त्याप्रमाणे बायको मेकाँगच्या मधल्या एका बेटावर होती. नदी तिथं इतकी पसरते की मधे शेकडो बेटं तयार झालीत. दोन बस आणि एक होडी करून मी तिथं उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भाताच्या शेतांमधून मातीची एकच वाट. मी पाठीवर सॅक घेऊन चालायला लागलो. काय बोलायचं ते मनात ठरवत होतो. समोरून एक सायकल येताना दिसली. तिच्यावर एक बाई बसली होती, सलवार-कमीज, गळ्यात शिट्टी, तोंडावर आलेली मोठी टोपी. सायकल वाटेच्या या कडेवरून त्या कडेला जात होती.

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझ्या बायकोला सायकल येत नव्हती. लालबागच्या चाळीत मुलींनी सायकल शिकायची जागाही नव्हती आणि पद्धतही.

ती मला बघून थांबेल असं मला वाटलं. पण ती जवळ आली, शिट्टी तोंडात धरून वाजवली आणि माझ्या बाजूनं सरळ पुढं निघून गेली. जाता जाता म्हणाली, "बाजूला व्हा, थांबायचं अजून शिकले नाही."

मी वळलो आणि सॅकसकट तिच्यामागं पळालो. बऱ्याच अंतरावर वाट चढाची झाली तेव्हा सायकल आपोआप मंद झाली आणि ती एका केळीच्या झाडाला धरून उतरली. दोघांनाही दम लागला होता. तिच्या कोपराला खरचटलं होतं, हाताला लाल औषध लावलेलं. लॉजच्या मालकिणीनं पाच दिवसांत शिकवली म्हणाली. रोज पडते, पण उजवीकडेच पडते, त्यामुळे सवय झालीय.

माझ्याशिवाय तिनं काहीतरी शिकून घेतलं याचं मला थोडं वाईट वाटलं. पण तेवढ्यात ती म्हणाली, या बाजूनं धरा, चढावर बसता येत नाही मला. मी सॅक खाली ठेवली आणि सायकल धरली. तुम्ही परत का आलात, असं तिनं त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही नाही. मला मात्र एक अट घातली. यापुढं जेवण मी मागवायचं आणि पाटी मी धरायची.

कंबोडियात माझी चित्रकला सुधारली. मासा मासा वाटायला लागला. नॉमपेन्हहून होडीनं व्हिएतनाममध्ये उतरलो तोपर्यंत मी बाजारात भाव करत होतो आणि बायको शेजारी सॅक सांभाळत बसत होती. तिथं ती नदी फाटत जाते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि शेवटी समुद्राला मिळायच्या आधी इतकी तोंडं होतात की नेमकी कुठली धरायची याच्यावर आमचा एक पूर्ण दिवस वाद झाला. शेवटी होडी चालवणाऱ्या एका बाईला पाटीवर चित्र काढून विचारलं की समुद्र कुठं सुरू होतो. तिनं आमच्याकडे बघितलं, मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखून दाखवलं.

तसंच करायचं ठरलं. एका सकाळी तिच्या होडीतून निघालो. दर थोड्या वेळानं बायको पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायची आणि मान हलवायची, अजून नाही. मग मला लावायला सांगायची. पाणी तसंच चहाच्या रंगाचं होतं, काठ लांब लांब जात होते. बऱ्याच वेळानं तिनं बोट चाखलं आणि जरा थांबली.

"बघा बरं," ती म्हणाली.

मी बघितलं. थोडंसं खारट होतं. तिचं आणि माझं एकमत व्हायला आणखी पाचदा चाखावं लागलं. मग तिनं होडीवाल्या बाईला इंजिन बंद करायची खूण केली. आम्ही तिथं तसेच डुलत राहिलो. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, चार हजार किलोमीटर वगैरे. ती फक्त टोपी काढून बसली होती आणि तिच्या केसांत वारा जात होता. होडीवाल्या बाईनं डबा उघडला आणि तिघांत भात आणि तळलेली मासळी वाटली. मासळी खाऱ्या पाण्यातली होती. मी पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा घेतला. बायकोनं माझ्याकडे बघून आपल्यातला अर्धा तुकडा माझ्या पानावर ठेवला.